कय्युमचा डावा कान

कय्युम शेखचा डावा कान त्याच्यानंतर रिटायर झाला, असं त्याची बायको शहनाज म्हणायची. तिला वाटे, कान नुसता जड झालाय. पुरता गेलाय हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

तो रेल्वेत चावीवाला होता. भुसावळच्या खडका रोडवर घर, आणि ड्युटी भादलीकडच्या रुळावर. चावीवाल्याचं काम सांगायला सोपं आहे. आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी चालायचा, जाताना एक बाजू, येताना दुसरी, आणि रूळ स्लीपरला धरून ठेवणारी एकही चावी सैल नाही ना ते बघायचं. सैल दिसली की हातोडा. पक्क्या चावीवर हातोड्याचा आवाज कोरडा येतो. सैल चावीवर फुटक्या मडक्यासारखा येतो. हा फरक कय्युमला चालता चालता कळायचा. त्याच्या तुकड्यावर कधी गाडी खोळंबली नाही. ही फेरी आणि उरलेल्या वेळात गँगबरोबर रुळाचं काम, एवढीच त्याची नोकरी, आणि ती त्याने पूर्ण केली.

नोकरी संपल्यावर कानात आधी शिट्टीसारखा आवाज यायचा. मग तोही बंद झाला. तो एकटाच जळगावला जाऊन डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, "डाव्याची नस सुकली. उजवाही त्याच वाटेने चाललाय, पण हळू." कय्युमने घरी येऊन सांगितलं, मळ होता, काढला.

"मग आता ऐकाल माझं?" शहनाजने विचारलं.

"काय?"

"तेच म्हणते. ऐकत तर तुम्ही आधीही नव्हता."

बायकोपासून लपवायचं कारण बायको नव्हतं. कारण होतं रविवार.

त्याच्या गँगचा मुकादम पंडित, गँगमध्ये सगळ्यांचा नाना. रिटायर झालेल्या चार जणांना धरून त्याने रविवारचं चालणं सुरू केलं होतं. गुडघे घरात बसून जातात, चालून जात नाहीत, असं त्याचं मत. कधी लळिंग, कधी पाटणादेवी, बहुतेक वेळा सातपुडा. नोकरीत गँग जशी चालायची तशीच इथेही चालायची. पुढे पंडित. वेळेवर यायचं. पहिल्या विसाव्याआधी बसायचं नाही. पाणी घोटाने प्यायचं. ज्याला झेपत नाही त्याने यायचं नाही. कोणाला हाताला धरून न्यायचं नाही, कारण एकाला धरलं की दोघं पडतात.

पहिला बाद झाला समाधान. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि त्याला पायाखालचं नीट दिसेना. रेल्वेत डोळे किंवा कान नापास झाले की माणसाला लाईनवरून काढून बसकं काम देतात, त्याला गँगमध्ये डिकॅट होणं म्हणतात. पंडितने समाधानला बस स्टँडवर, सगळ्यांसमोर, शांतपणे सांगितलं, "तू आता चहापुरता ये." समाधान खरंच येऊ लागला. दर रविवारी स्टँडवर चहा प्यायचा, बसला हात करायचा आणि पेपर काखेत मारून घरी जायचा. बसच्या खिडकीतून कय्युमला त्याची पाठ दिसायची.

ती पाठ बघून कय्युमने ठरवलं होतं, कान कोणाला कळू द्यायचा नाही.

त्यासाठी त्याने युक्त्या केल्या. बसायचं ते सगळ्यांच्या डावीकडे, म्हणजे उजवा कान माणसांकडे राहतो. बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवायची. सगळे हसले की हसायचं. विचारलेलं कळलं नाही तर "बघू ना" म्हणायचं. बहुतेक प्रश्नांना हे उत्तर चालतं. डोंगरात ओळीत चालायचं असलं की तिसरा नंबर धरायचा. पुढच्यांच्या पाठी दिसतात, मागून बोलणारा एकच उरतो, आणि तो प्रेमराज. प्रेमराज धुळ्याकडचा, दिवसभर बोलायचा. त्याला उत्तर नाही दिलं तरी त्याचं अडत नसे.

जानेवारीतल्या एका रविवारी चौघं यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या राखीव जंगलात गेले. यावलपर्यंत बस, तिथून काळी-पिवळी जीप. थंडी खानदेशची, म्हणजे सकाळी दात वाजवणारी आणि दुपारी स्वेटर काढायला लावणारी. कय्युमने मफलर कानांवरून घट्ट बांधला होता. नाक्यावरच्या वनरक्षकाने नावं विचारली आणि सांगितलं, "आवाज करू नका. पाण्यावर अस्वल येतं. शिट्ट्याबिट्ट्या वाजवायच्या नाहीत."

प्रेमराजने गळ्यातली शिट्टी स्वेटरच्या आत टाकली. ती त्याची जुनी शिट्टी होती. रुळावर काम चालू असताना गँगचा एक माणूस लांब उभा राहून गाडीवर लक्ष ठेवतो. प्रेमराजने ते काम पुष्कळ केलं होतं. गाडी दिसली की शिट्टी आणि आरोळी. शिट्टी ऐकली की गँगने हातातलं काम तसंच सोडून रुळाबाहेर, कडेच्या मोकळ्या पट्टीवर व्हायचं. त्या पट्टीला सेस म्हणतात. पंडितचा नियम असा की सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं, आणि ती बाजू डावी. कोण कुठे उडी मारेल हा विचार करायला गाडी वेळ देत नाही. विचार आधीच करून ठेवायचा. या नियमावर त्याच्या गँगमधला एकही माणूस गाडीखाली गेला नव्हता.

वाट आधी कोरड्या नाल्यातून गेली, मग अंजनाच्या झाडांमधून चढू लागली. चढ फार नाही, पण सलग. सपाटीवर आयुष्य गेलेल्या माणसाला सलग चढ त्रास देतो. कय्युमची चाल स्लीपरच्या मापाची होती, एकसारखी लांब टांग. पहिल्या महिन्यांत त्या चालीने त्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मग तो शिकला. टांग निम्मी करायची, टाच टेकवायची, पूर्ण पाऊल जमिनीवर ठेवायचं, श्वास नाकाने घ्यायचा. तोंड उघडलं की समजायचं, वेग जास्त झाला. एक सवय मात्र सुटली नाही. तो मान वर करत नसे. चालायचं ते खाली बघून. दगड हलतो का, माती धरते का, मुळं कुठे वर आली आहेत. पंडित म्हणायचा, "अरे, डोंगर बघायला आलास की चाव्या?"

दुसरा नंबर कौतिकचा. यावल तालुक्यातला केळीवाल्या घरातला, अंगाने भरलेला. पाठीवर डबा होता आणि डब्यात बायकोने दिलेलं वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, कांद्याची पात.

"मी म्हणलो व्हतो ना, मळ्यातच भरीत खाऊ," तो दम लागत म्हणाला, "तं तुमचं आपलं डोंगर डोंगर."

"कौतिकभाऊ, तुना पोटमा जागा व्हई तवय डोंगर सरी," मागून प्रेमराज.

कौतिक हसला, पंडितची पाठ हलली, म्हणून कय्युमही हसला.

धारेवर आल्यावर वारा लागला. इथून वाट डोंगराच्या अंगाला चिकटून जाते. उजवीकडे कातळ, डावीकडे उतार. फार खोल नाही, पण मुरुमाचा, आणि खाली घाणेरीचं रान. वाट एका माणसापुरती. समोर तापीकाठच्या केळीचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे दीपनगरच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसत होती. कय्युमने ती बघितली नाहीत. मुरूम सुटा होता, तो पायाखाली बघत होता.

प्रेमराजने पुढे सांगितलं ते असं. वाट सरळ होती, माणसं एकामागे एक चालली होती, अगदी ड्युटीवर जाणाऱ्या गँगसारखी. त्याला राहवलं नाही. त्याने शिट्टी काढली, जोरात फुंकली आणि ओरडला, "गाडी उनी रे! गाडी उनी!"

पंडित आणि कौतिक डावीकडे झाले.

कय्युमला यातलं काही कळलं नाही. पायाखालचा एक दगड तपासून त्याने पुढे पाऊल टाकलं आणि समोर बघितलं तर वाट रिकामी होती. आत्ता दोन माणसं होती, आता एकही नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, वळण आलं असेल. वळण नव्हतं. मग कडेच्या सालईच्या बुंध्याला धरलेला एक हात दिसला. हाताखाली पंडित होता, अर्धा वाटेवर, अर्धा बाहेर. आणि बरंच खाली घाणेरीत कौतिक बसला होता, पाय पसरून, जत्रेत बसावा तसा.

कय्युमने पंडितला काखेतून धरून वर घेतलं. मग मुरुमात टाच रोवत, तिरका होत खाली उतरला. कौतिकचे ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"डबा कुठी गेला?"

डबा झुडपात अडकला होता. झाकणसुद्धा निघालं नव्हतं. कौतिकचा उजवा पाय मात्र घोट्यात सुजायला लागला होता. कय्युमने मफलर सोडला, घोट्याला घट्ट आवळून बांधला. प्रेमराज खाली आला. दोघांनी कौतिकला बगलांमधून धरलं. असं वजन चढावर ओढलं तर दोघंही घसरतात. एकाने पाय रोवून स्थिर व्हायचं, दुसऱ्याने तेवढ्यात वीतभर वर सरकायचं, मग पहिल्याने. न बोलता त्यांनी तसंच केलं. वर येईपर्यंत तिघांचे सदरे भिजले होते.

पंडित वाटेवर बसला होता. कोपर सोलवटलं होतं. तो प्रेमराजला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मी ते गंमत करी," प्रेमराज म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माले काय माहीत तुम्ही उड्या मारशात? हाई काय लाईन शे का?"

"शिट्टी वाजली की पाय विचारतो का लाईन आहे की डोंगर!"

"आधी जेवा," कौतिक म्हणाला. "मले उचलायचं हे तुम्हाले. उपाशीपोटी पाडशाल अजून एकदा."

म्हणून तिथेच कातळाला टेकून त्यांनी डबा उघडला. भाकर तोडता तोडता कौतिकने कय्युमकडे बघितलं.

"पन तू काऊन नाही उडी मारली?"

मफलर आता कौतिकच्या पायात होता, वाराही कातळाआड होता. प्रश्न कय्युमला ऐकू आला. त्याने घास चावून संपवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "प्रेमराजची गंमत."

हे खोटं त्याच्या तोंडातून फार सहज आलं. एवढे दिवस युक्त्या केल्या होत्या, ही त्यातलीच एक.

पंडितने मान हलवली. "बघा. एवढ्यांत डोकं ठिकाणावर एकाचंच." मग तो उठला, प्रेमराजच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट काढली आणि कय्युमच्या हातात ठेवली. "आजपासून शेवटी तू. दगड सुटला, जनावर आलं, कोणी मागे राहिलं, ते तू ऐकायचं न तू सांगायचं."

शिट्टी कय्युमच्या तळहातावर होती. पितळेची, तोंडाशी घासून पांढरी पडलेली.

पंडित त्याला शाबासकी देत होता, आणि कय्युमला ते कळत होतं. नुसतं "बरं" म्हटलं असतं तर काम झालं असतं. रविवार राहिला असता, उलट आणखी पक्का झाला असता. पण शिट्टी ज्याच्या हातात असते त्याच्या भरवशावर बाकीचे रुळाकडे तोंड आणि गाडीकडे पाठ करून काम करतात. कय्युमने आयुष्यभर अशी पाठ केली होती. मागे कोण उभा आहे हे बघायला त्याने कधी मान वळवली नव्हती. वळवावी लागली नव्हती.

"नाना," तो म्हणाला, "ही मला देऊ नका."

"का?"

"मी ऐकलंच नाही."

"काय ऐकलं नाही?"

"शिट्टी नाही, आरोळी नाही. डावा कान गेलाय. उजवा अर्धा आहे."

कोणी काही बोललं असेल तर त्याला ऐकू आलं नाही. त्याने शिट्टी भाकरीच्या फडक्यावर ठेवली.

"म्हंजे," कौतिक म्हणाला, "मघा चढताना मी त्या मुनीमच्या लग्नाची एवढी गोष्ट सांगितली, तं तू नुसती मुंडी हालवली?"

"हो."

"हसला पन व्हता तू!"

"नानांची पाठ हलली म्हणून."

कौतिकला हसू आलं, आणि हसताना पाय हलला म्हणून तो ओरडला. पंडित हसला नाही.

"कधीपासून?"

"रिटायर झाल्यावर."

"रूळ असता तर आज तू मेला असतास."

"रूळ असता तं तो मेला असता न आम्ही वाचलो असतो," कौतिक म्हणाला. "खरं हे. पन इथी रूळ नाही, म्हून तो उभा व्हता न आम्ही घाणेरीत. ज्याले ऐकू आलं तो पडला, नाना."

"तू भाकर खा."

"खाऊ राह्यलो ना."

कय्युमने पंडितच्या तोंडाकडे बघितलं. "समाधानला सांगितलं तसं मला सांगायचं असेल तर इथेच सांगा," तो म्हणाला. "बस स्टँडवर नको."

पंडितने कोपरावर रुतलेले मुरुमाचे खडे एकेक करून काढले. शेवटी म्हणाला, "आधी याला उतरवू."

कौतिकचं वजन पाठीवर घ्यायला पहिला कय्युम बसला. उतारावर माणूस पाठीवर घेतला की वजन पुढे ढकलतं. गुडघा सरळ ठेवला तर गुडघ्यावर येतं, वाकवला तर मांडीवर. मांडीवर घ्यायचं, मांडी पुष्कळ सहन करते. पण पाठीवरच्याचे हात गळ्यात आणि पाय कमरेला असले की आपलेच पाय दिसत नाहीत. म्हणून एकाने पुढे राहून वाट सांगावी लागते. पुढे पंडित झाला.

"दगड," तो पुढे बघत म्हणाला.

कय्युमला ऐकू आलं नाही. दगड पायाखाली फिरला. तो तोल सावरून उभा राहिला. पाठीवर कौतिकने श्वास धरला.

"दगड म्हणलं ना तो!" कौतिक त्याच्या उजव्या कानात ओरडला.

"ओरडू नको. कानात नको ओरडू."

पंडित थांबला. वळून बघितलं. मग दोन पावलं मागे आला आणि पुन्हा पुढे गेला, पण यावेळी तिरका चालू लागला, अर्धं तोंड मागे ठेवून. पुढचा दगड आला तेव्हा त्याने तोंड उघडलंच नाही. उजवा हात बाहेर काढला आणि हळू डावीकडे सरकवला.

हे कय्युमला शिकवावं लागलं नाही. रूळ वाकडा झाला की गँग पहारी लावून तो सरळ करते. मुकादम तेव्हा लांब जाऊन खडीवर पालथा पडतो, रुळाच्या धारेवर डोळा लावतो आणि तिथून हाताने सांगतो. इकडे. तिकडे. थोडं. बस. एवढ्या लांबून आवाज पोचत नाही, म्हणून सगळं हातावर. पंडितच्या हाताकडे बघून कय्युमने किती रूळ सरळ केले होते त्याचा हिशेब नव्हता.

हात डावीकडे गेला, कय्युम डावीकडे झाला. हात आडवा थांबला, तो थांबला. तळहात खाली दाबला, म्हणजे हळू, माती सुटी आहे. दोन बोटं जवळ आली, म्हणजे वीतभरच. पंडितने एकदाही काही उच्चारलं नाही. कय्युम त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून चालला, कारण पायाखालचं सगळं त्या हातात होतं.

प्रेमराजने मधे पाठ बदलून घेतली. अंजनांच्या रानात आल्यावर कय्युमने पुन्हा कौतिकला घेतलं आणि नाल्याच्या वाळूत पंडितने, जरी त्याला सगळे नको म्हणत होते. वाळूत सर्वांत जास्त जोर लागतो. पंडितला ते माहीत होतं, म्हणूनच त्याने वाळू घेतली.

नाक्यावर वनरक्षक धावत आला. "शिट्टी कोणी वाजवली?"

"मी," प्रेमराज म्हणाला.

वनरक्षकाने कौतिकचा पाय बघितला, प्रेमराजचा चेहरा बघितला आणि आणखी काही विचारलं नाही. यावलहून जीप बोलावून दिली.

जीपमध्ये कौतिकला आडवा पाय ठेवता यावा म्हणून मागची सीट दिली. पंडित आणि कय्युम समोरासमोर बसले. इंजिनाचा आवाज, खिडकीचा खडखडाट. पंडितचे ओठ हलले. कय्युमला एक अक्षर कळलं नाही.

"काय?" त्याने विचारलं.

पंडितने पुन्हा सांगितलं. पुन्हा कळलं नाही. मग पंडितने दोन बोटं वर केली, आणि अंगठ्याने स्वतःच्या पाठीकडे दाखवलं.

दुसरा नंबर. माझ्या मागे.

कय्युमने मान हलवली. पंडितला तेवढं पुरलं नाही. तो पुढे वाकला, कय्युमच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ठणकावून म्हणाला, "आणि घरी आज सांग. तू नाही सांगितलंस तर मी शहनाजभाभीला सांगतो."

"सांगतो."

"काय?" इंजिनाच्या आवाजात आता पंडितला ऐकू आलं नव्हतं.

"सांगतो म्हटलं!"

"दोन नंबर त्याले दिला तं मी कुठी?" मागून कौतिकने विचारलं.

"तू आधी पायाचा फोटो काढ," पंडित म्हणाला आणि ड्रायव्हरला भुसावळच्या दवाखान्याचा रस्ता सांगू लागला.